कच्च्या सिमेंटचे दात

माझे समोरचे दोन दात हापशाने घेतले. कासारवाडीत आमच्या चाळीच्या टोकाला, रेल्वेच्या रुळांलगत तो हापसा होता. त्याच्या दांड्याची पिन झिजून झिजून सुतळीएवढी झाली आहे हे अख्ख्या चाळीला ठाऊक होतं, आणि ती दुसऱ्या कुणीतरी बदलावी म्हणून अख्खी चाळ थांबली होती. त्या दिवशी मी हापसत होते आणि मान मागे वळवून एका बाईशी नंबरावरून भांडत होते. मान पुढे वळवली तोच दांडा सुटून वर आला. ओठ फाटला, वरचे मधले दोन दात मुळापासून गेले आणि माझं भांडण अर्धं राहिलं. तेव्हा मी मॅट्रिक होऊन टायपिंग शिकत होते.

आप्पा, म्हणजे माझे वडील, पिंपरीतल्या एका कंपनीत टूलरूममध्ये फिटर होते. दुसऱ्या दिवशी ते भंगारातल्या तुकड्यातून नवी पिन बनवून घेऊन आले. हापशात ठोकली, दांडा वर-खाली करून पाहिला आणि म्हणाले, "बसलं." हा शब्द त्यांच्या तोंडून काम मनासारखं झाल्यावरच निघायचा. चहा कितीही चांगला झाला तरी आईच्या वाट्याला तो कधी आला नाही. पिन बसवून घरात आले, सुजलेल्या तोंडाने भिंतीला टेकून बसलेल्या माझ्याकडे एकदा बघितलं आणि पायताण काढायच्या निमित्ताने बराच वेळ खाली वाकून राहिले.

मी जात्याच तोंडाळ. गप्प बसणं मला कधी जमलं नाही, आणि आता तोंड उघडलं की समोरच्याची नजर माझ्या डोळ्यांवरून घसरून खाली यायची. तोंडावर हात धरून बोलायची सवय लागली. त्याहून वाईट म्हणजे माझा 'स' गेला. सासवडचं थाथवड व्हायचं. चाळीतली पोरं मला मुद्दाम सासवडची एस्टी कधी सुटते ते विचारायची. मी हट्टाला पेटले. स्टोव्हवर भाजी परतताना, स्टोव्हच्या आवाजात माझा आवाज लपायचा तेव्हा, भिंतीकडे तोंड करून 'स' घोटायला लागले. जिभेचं टोक खालच्या दातांना टेकवायचं आणि मधली जीभ जराशी उचलायची, मग हवा फटीतून सांडत नाही. हे मला कुणी शिकवलं नाही. पावसाळा संपता संपता माझा 'स' परत आला होता. दात अर्थातच आले नव्हते.

आणि दात नाहीत म्हटल्यावर मला बिजवरांची स्थळं यायला लागली. त्यातलं करमाळ्याकडचं एक तर उत्तरासाठी ताटकळत बसलं होतं. दोन मुलांचा बाप, सोसायटीत नोकरीला. मामा म्हणायचे, मुलीत वैगुण्य असलं की थोडं इकडे तिकडे बघावं लागतं. मला तो शब्द अजूनही चीड आणतो. आई कंपनीच्या कॉलनीत धुणीभांडी करायची आणि लोकांच्या घरातल्या लग्न झालेल्या मुलींची दशा जवळून बघायची. तिने मामांना हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही.

तेवढ्यात आप्पांनी बातमी आणली. कंपनीत टेलिफोनच्या बोर्डवर बसणाऱ्या दोन बायकांपैकी एक लग्न होऊन चालली होती. जागा एकच, आणि आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात तेव्हा रीत होती की कामगाराच्या मुलाबाळांचा अर्ज आधी बघायचा. मुलं चिकटायची, कुणाचा भाऊ, कुणाचा भाचा चिकटायचा. मुलीसाठी अर्ज करणारे आप्पा त्यांच्या टूलरूममधले पहिलेच असावेत. "बोर्डवर बसायचं, पंख्याखाली," ते आईला सांगत होते, "खुर्ची असतीय. आन आवाज साफ पायजे, बाकी काय न्हाई." बाकी काय न्हाई म्हणताना ते माझ्या तोंडाकडे बघत नव्हते. नोकरी मिळाली तर खुर्ची आणि नाही मिळाली तर करमाळा, हे घरात कुणी बोलून दाखवलं नाही, पण मला ते ताटातल्या भाकरीइतकं स्वच्छ दिसत होतं.

मी म्हटलं, आवाज तर साफ आहे, अशीच जाते. आप्पा म्हणाले, "बोळक्या तोंडानं सायबापुढं जानार?" आणि दातांचं ठरलं.

पिंपरी कॅम्पात, बाजारात, कापडाच्या दुकानावरच्या मजल्यावर एक सिंधी डॉक्टर बसायचे. त्यांनी माझं तोंड बघून दोन वाटा सांगितल्या. एक म्हणजे काढता-घालता येणारी कवळी. दुसरी म्हणजे ब्रिज. फटीच्या दोन्ही बाजूंचे दात घासून बारीक करायचे, त्यांच्यावर टोप्या चढवायच्या, आणि दोन टोप्यांच्या मध्ये दोन नवे दात, सगळं एकाच सांगाड्यात. तो चिकटवला की निघत नाही. "कवळी टेंपररी," आप्पांनी विचारलं, "आन ह्यो पर्मनंट?" डॉक्टर म्हणाले, "बिलकुल पर्मनंट." पिंपरी-चिंचवडमध्ये त्या काळात कुठल्याही बापाला नोकरीतले हे दोन शब्द ऐकवले की तो काय निवडणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

पण घासायची वेळ आली तेव्हा आप्पांचा जीव वर-खाली व्हायला लागला. डॉक्टरांचं दात घासायचं यंत्र दोरीवर फिरायचं, आणि ती दोरी आप्पा टक लावून बघत होते. "चांगले दात घासनार?" त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. "डॉक्टरसाहेब, आमच्यात मटेरियल एकदा काढलं की परत लावता येत न्हाई." डॉक्टर म्हणाले, "हमारे में भी नहीं आता, भाईसाहब. इसलिए संभालके करता हूँ." मी खुर्चीचे हात घट्ट धरले. सुई टोचलेली होती, दुखत नव्हतं, पण जळक्या हाडाचा वास यायचा आणि तो माझाच होता. संध्याकाळी घरच्या आरशात बघितलं. मधली फट तर होतीच, आता तिच्या दोन्ही बाजूंना दातांच्या जागी दोन खुंट्या होत्या. मी आरसा उलटा करून ठेवला.

माप घेतलं होतं, दात पुण्याहून बनून यायचे होते. मधले दिवस मी घरात कोंडून काढले. गार हवा त्या खुंट्यांना लागली की कळ थेट कपाळात जायची. पण 'स' शाबूत होता. आप्पा कामावरून आले की पहिलं म्हणायचे, "म्हन बरं, सातशे सत्त्याहत्तर." हा आकडा त्यांनीच शोधून काढला होता, त्यात 'स' आणि 'त' भरपूर म्हणून. मी म्हणायची. ते मान डोलवायचे आणि मगच हातपाय धुवायचे.

बोर्डच्या नोकरीची चाचणी सोमवारी ठरल्याचं पत्र आलं, आणि दात आले त्याच्या आदल्या शनिवारी. डॉक्टरांनी सुई देऊन ब्रिज बसवला, एक रंगीत पातळ कागद दातांमध्ये धरून "कट कट करो बेटी" म्हणाले. मी केलं. ओठ, हिरडी, अर्धं नाक बधिर होतं. मी खरंच कुठे चावत होते ते मलाच कळत नव्हतं. कागदाचा डाग जिथे उमटला तिथे त्यांनी थोडं घासलं, परत कागद, परत घासलं. आप्पा खुर्चीवर सरसावून बसले. "ह्ये तर आमचंच काम हाय," ते मला हळूच म्हणाले. टूलरूममध्ये दोन पृष्ठभाग एकमेकांवर बसवायचे तर एकाला निळा रंग लावतात, दुसरा त्यावर टेकवतात, जिथे निळं लागलं तो उंचवटा, तो खरवडायचा. सगळीकडे सारखं निळं लागेपर्यंत. आप्पांची सगळी उमर त्यात गेली होती.

डॉक्टर म्हणाले, आता कच्चं सिमेंट लावलंय, एक हप्ता वापरून बघा, मग पक्कं लावू. त्या संध्याकाळीच ते भाचीच्या लग्नाला उल्हासनगरला चालले होते, मंगळवारी परत येणार होते. तोवर कडक काही खायचं नाही, एवढं त्यांनी बजावलं. जिना उतरताना मी बाजारातल्या प्रत्येक दुकानाच्या काचेत स्वतःला बघून घेतलं. आणि हसले. किती दिवसांनी हसले ते मला माहीत होतं.

रविवारी सकाळी बधिरपणा पूर्ण गेला आणि खरं काय ते कळलं. तोंड मिटलं की उजव्या बाजूचा नवा दात सगळ्यांच्या आधी खालच्या दातावर आपटायचा. बाकीचे अधांतरी. कानापर्यंत ठणका लागला. ते मी सोसलं असतं. पण आप्पा म्हणाले, "म्हन," आणि मी म्हटलं, आणि प्रत्येक 'स'ला शीळ वाजली. परत म्हटलं. परत शीळ. इतके दिवस जीभ ज्या फटीच्या हिशेबाने वागायला शिकली होती ती फटच बुजली होती. नवं शिकायला वेळ लागणार होता, आणि चाचणी दुसऱ्या दिवशी सकाळी होती.

"दात उंच हाय, म्हनून वाजतंय," आप्पा म्हणाले. शीळ त्यामुळे नव्हती, पण हे तेव्हा आम्हाला कुणाला ठाऊक होतं! त्यांच्या दृष्टीने जे वाजतं ते नीट बसलेलं नसतं, यंत्र असो की आणखी काही.

आई दारात बादली घेऊन विहारात वंदनेला नेसायच्या पांढऱ्या साडीला नीळ देत होती. आप्पांनी त्या निळीची पुडी उचलली, चिमूटभर बशीत घेतली, खोबरेल तेलात कालवली. मग खुंटीवरच्या पिशवीतून फडक्यात गुंडाळलेल्या बारीक कानशी काढल्या. आईच्या हातातली साडी तशीच राहिली.

"अवं, पोरीच्या तोंडात नीळ घालताय?"

"नीळ न्हाई, ब्लू हाय ह्यो. जरासं टेकवून बघतो. उंच हाय तेवढंच काढायचं."

"डाक्टर मंगळवारी यायचाय."

"आन चाचनी?" आप्पा म्हणाले. आईने साडी परत बादलीत बुडवली, आणि मीही अडवलं नाही. खरं सांगायचं तर मला ते हवंच होतं. ज्या हातांनी सुताच्या शंभराव्या भागाचं काम केलं ते माझा एक दात खाली आणू शकणार नाहीत, असं माझ्या मनातही आलं नाही.

उन्हाची तिरीप उंबऱ्यावर आली होती. आप्पा उंबऱ्यावर बसले, मला खाली बसवलं, माझं डोकं मागे करून आपल्या गुडघ्यावर टेकवलं, म्हणजे तोंडात ऊन पडेल. निळीचं बोट खालच्या दातांवरून फिरवलं. "चाव." मी चावले. "उघड." एक निळा ठिपका. कानस फिरली. तो आवाज कानाने ऐकायचा नव्हता, तो कवटीच्या आत वाजायचा. "चाव. उघड." ठिपका गेला, पण दुसरीकडे उमटला. कानस. "चाव. उघड." आता तिसरीकडे. आप्पांच्या बोटांना साबणाने न जाणारा मशीनच्या तेलाचा वास होता आणि तो माझ्या तोंडात उतरत होता. मधूनच मी सरळ बसून तोंड मिटायची, तर तो पहिला उंचवटा जागच्या जागी. परत मान मागे. "आता एकदाच," ते म्हणायचे. मग पुन्हा, "हे शेवटचं." मग तेही म्हणायचं राहिलं, नुसती कानस फिरत राहिली. हाताला अंदाज न लागणारे आप्पा मी कधी पाहिले नव्हते. मला पहिल्यांदा भीती वाटली ती तेव्हा. मी त्यांचं मनगट धरायला हात उचलला, आणि तेवढ्यात काहीतरी कुरकुरलं आणि गार वारा सुईसारखा खुंट्यांत घुसला.

ब्रिज आप्पांच्या चिमटीत होता, निळ्याने माखलेला. कानशीच्या थरथरीने कच्चं सिमेंट सुटलं होतं.

त्यांनी तो पाण्याने धुतला आणि परत खुंट्यांवर ठेवून बघितला. हाताने धरला तर राहायचा, सोडला की डुगडुगायचा. आई भिंतीला टेकून खाली बसली. "झालं समाधान?" एवढंच म्हणाली. आप्पा उठले, माळ्यावरून गोंदाच्या दोन नळ्या काढल्या, पत्र्याच्या तुकड्यावर दोन्हींतलं थोडं थोडं पिळून काडीने कालवायला लागले. तो गोंद मला माहीत होता. आमच्या कुकरची मूठ त्यांनी त्याने जोडली होती, आणि मूठ तुटली नाही, कुकर फुटला असता तरी तुटली नसती.

ते माझ्यासमोर येऊन उकिडवे बसले. "उघड."

मी तोंड उघडलं नाही.

"उघड बाळा. दगडासारखं बसंल."

मी दातखीळ बसल्यासारखी तोंड मिटून बसले आणि त्यांच्याकडे बघत राहिले. त्या क्षणी मला आप्पांचा भयंकर राग आला होता. एवढा राग की बोलले असते तर आयुष्यभर दोघांनाही पुरलं असतं. मटेरियल एकदा काढलं की परत लावता येत नाही हे डॉक्टरला ऐकवणारा माणूस माझ्या तोंडात दगड लावायला निघाला होता. आप्पांनी माझे डोळे बघितले. पत्र्यावरचा गोंद घट्ट होत चालला होता. ते तसेच बसून राहिले, तो पूर्ण दगड होईपर्यंत. मग त्यांनी पत्रा बाहेर नेऊन टाकला, कानशी फडक्यात गुंडाळून गाठ मारली आणि गाठोडं माळ्यावर अगदी मागे, जिथे हात पोचत नाही तिथे ढकललं.

सोमवारी सकाळी आईने लाडवाचा डिंक कुटून, पाण्यात चिकट करून टोप्यांच्या आत भरला आणि ब्रिज माझ्या खुंट्यांवर दाबून धरला. पकडला बऱ्यापैकी. आप्पा पहिल्या शिफ्टला निघाले होते. दारात थांबले. "न्हाई गेलीस तरी चालंल," म्हणाले. मी काही बोलू शकत नव्हते, बोलले तर डिंक सुटेल. मी नुसती पिशवी उचलून खांद्याला लावली. ते गेले.

कासारवाडीहून पिंपरीपर्यंत मी तोंड मिटून गेले. डिंक गोडसर लागत होता, म्हणजे विरघळत होता. कंपनीच्या गेटवर वॉचमनने नाव विचारलं तेव्हा ते मी कसंबसं सांगितलं आणि दात हलले. बाकावर आणखी तीन मुली होत्या. दोघी पुण्याहून आलेल्या, एकमेकींशी इंग्रजीत बोलत होत्या, आणि बोलताना त्यांचे दात असे रांगेत दिसत होते की मी मान फिरवली. माझं नाव पुकारलं तोवर ब्रिज जिभेवर आला होता. मी तो जिभेने वर दाबून धरला होता.

बोर्डची खोली लहान होती. बोर्डवरच्या बाई पाठमोऱ्या बसून बोर्डच्या भोकांत फोन जोडायच्या दोऱ्या खुपसत आणि काढत होत्या. त्यांनी न वळताच बाजूच्या टेबलावरच्या फोनकडे बोट केलं. चाचणी अशी होती की साहेब आपल्या केबिनमधून फोनवर नावं आणि नंबर सांगणार, आणि उमेदवाराने ते जसेच्या तसे परत म्हणायचे. बोर्डचा नियमच होता, ऐकलेला नंबर परत म्हणायचा. डोक्यावर पंखा गरगरत होता. मी रिसीव्हर कानाला लावला.

"सहाशे सदुसष्ट," साहेब म्हणाले.

मी म्हटलं. शीळ आणि लाळ, दुसरं काही नाही.

"परत सांगा."

परत म्हटलं. ब्रिज सुटून खालच्या ओठावर आला.

"ऐकू येत नाही. नाव नोंदवलंय ना तुमचं? परत सांगा."

त्यांच्या आवाजात आता पुढच्या मुलीला बोलवायची घाई होती, ती मला कळली. करमाळा मला त्या रिसीव्हरच्या भोकांतून दिसत होता. बाईंची पाठ माझ्याकडे होती. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, आणि तारेच्या पलीकडच्या माणसाला माझं तोंड दिसत नव्हतं. मी ब्रिज ओठावरून काढला आणि रुमालात धरून मूठ आवळली. पंख्याचा वारा खुंट्यांना झोंबला, डोळ्यांत पाणी आलं. जीभ आपणहून खालच्या दातांना जाऊन टेकली, स्टोव्हसमोर टेकायची तशी.

"सहाशे सदुसष्ट," मी म्हणाले.

या वेळी 'परत सांगा' आलं नाही. मग नंबर, नावं, परत नंबर. गावांची नावं, पारशी नावं, मद्रासी नावं. मी एकेक परत करत गेले. दुखत होतं, घाम फुटला होता, पण माझा आवाज मला ऐकू येत होता आणि तो माझा होता. बाईंनी मधूनच वळून बघितलं. माझं तोंड बघितलं, मूठ बघितली, आणि परत बोर्डकडे वळल्या.

मग साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. ब्रिज घालायचा प्रयत्न केला, तो राहिना. मी रुमाल तोंडाशी धरून आत गेले. काही कागद घेऊन बाईही मागून आल्या.

"तोंडाला काय झालं?" साहेबांनी विचारलं.

खोटं बोलायचं ठरवूनच आत गेले होते. दाढ दुखते म्हणणार होते. पण रुमाल खाली घेतला आणि सरळ बोलले. "दात पडलेत. नवे बसवलेत ते कच्चे आहेत, घालून बोलता येत नव्हतं. म्हणून काढून बोलले."

साहेब माझ्या तोंडाकडे बघत राहिले. ते हसले असते तर बरं झालं असतं, असं वाटण्याइतका वेळ बघत राहिले. तेव्हा बाई म्हणाल्या, "साहेब, बोर्डवर कोणी तोंड बघत नाही. नंबर सगळे बरोबर होते, मी ऐकत होते." साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "कळवू."

कळवू म्हणजे काय हे आमच्या पट्ट्यात सगळ्यांना माहीत होतं. संध्याकाळी आप्पा आले, हातपाय धुतले, जेवले. "कळवू म्हनले," आईने सांगितलं. त्यांनी मान हलवली. सातशे सत्त्याहत्तर म्हण असं त्या दिवशी ते म्हणाले नाहीत. घरात नंतरही कधी म्हणाले नाहीत. मी समोर असले की ते माझ्या कपाळाकडे बघायचे, तोंडाकडे नाही, आणि मी इतकी हट्टी की मीही आपणहून म्हणून दाखवलं नाही.

मंगळवारी ते अर्धी रजा टाकून माझ्याबरोबर डॉक्टरांकडे आले. डॉक्टरांनी ब्रिज हातात घेतला, उन्हाकडे धरला, मग आप्पांकडे बघितलं. आप्पांनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. "मुंडी कैसे रखी थी?" डॉक्टरांनी विचारलं. आप्पांनी करून दाखवली. डॉक्टर म्हणाले, मान मागे टाकली की खालचा जबडाही मागे सरकतो, मग डाग भलत्याच जागी पडतो. म्हणून आम्ही सरळ बसवून चावायला लावतो. आणि शीळ तर जीभ शिकली की आपोआप जाईल. आप्पांनी दोन तळवे एकमेकांवर ठेवले आणि खालचा मागे सरकवून बघितला. "खालची प्लेटच हलती हाय," शेवटी म्हणाले, "मंग ब्लू काय करनार." त्यांचा आवाज इतका पडला होता की माझा राग तिथेच गळून पडला. डॉक्टरांनी घासून पातळ झालेला भाग परत पुण्याला पाठवून भरून घेतला, मला सरळ बसवून चावायला लावलं, काही दिवस कच्च्या सिमेंटवर ठेवलं आणि मग पक्कं लावलं. मी तिसऱ्यांदा 'स' शिकायला लागले, स्टोव्हसमोर, भिंतीकडे तोंड करून.

पण कंपनीचं होकाराचं पत्र आलं, तेव्हा करमाळ्याला नाही कळवायला मामांकडे आई स्वतः गेली. मी सहा महिने टेंपररी. घरात सगळे खूश होते, आप्पाही. पण माझ्याकडे बघायचे ते अजून कपाळाकडे.

बोर्डवर बसून मला फार दिवस झाले नव्हते. दुपारची वेळ होती, बाई जेवायला गेल्या होत्या. बोर्डवर टूलरूमचा दिवा लागला. टूलरूमचा फोन फोरमनच्या टेबलावर असायचा आणि कामगारांनी त्याला हात लावायचा नाही असा सक्त नियम होता. मी दोरी खुपसली.

"ऑपरेटर."

पलीकडे मशीनची घरघर. कुणी बोलेना. मी परत म्हणाले, "ऑपरेटर, बोला."

"मॅडम," आवाज आला, हळू, कुणाला ऐकू जाऊ नये असा, "सातशे सत्त्याहत्तर द्या."

आयुष्यात कधी फोनवर न बोललेला माणूस. मला मॅडम म्हणणारा. बोर्डला तेवढे नंबरच नव्हते, पण नियम म्हणजे नियम, ऐकलेला नंबर परत म्हणायचा. मी ताठ बसले.

"सातशे सत्त्याहत्तर," मी म्हणाले. "असा नंबर आपल्याकडे नाही."

"न्हाई व्हय?" घरघर. "परत सांगा बरं एकदा."

"सातशे सत्त्याहत्तर."

ते ऐकत होते. शीळ येते का ते ऐकत होते. मशीनच्या आवाजातून मला त्यांचा श्वास ऐकू आला.

"बसलं," आप्पा म्हणाले, आणि रिसीव्हर ठेवला.

त्या संध्याकाळी मी घरी गेले तेव्हा कानशींचं गाठोडं माळ्यावरून खाली आलं होतं. आप्पा उंबऱ्यावर बसून आईच्या विळीला धार लावत होते.